पत्रा म्हणजे लोणचं नव्हे

साकीनाक्याच्या, पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसवाल्यांकडे हमखास ऐकू येतं: पोलादी पत्रा गोदामात मुरू द्यावा, मग काम झकास होतं. चक्क उलट आहे. कमी कार्बनच्या पोलादात सुटे राहिलेले नायट्रोजन-कार्बनचे अणू हळूहळू सरकत स्फटिकातल्या दोषरेषांना चिकटतात, त्यांना हलू देत नाहीत; आणि या रेषा हलतात म्हणूनच तर धातू वाकतो. पत्रा कडक होतो खरा, पण प्रेसखाली ताणला की अंगावर पट्टे उमटतात. रंग दिला तरी बोटाला लागतात. मुंबईच्या उकाड्यात हे आणखी लवकर.

अ‍ॅल्युमिनियम पोलादात घातलं तर नायट्रोजन बांधला जातो. पुरेसं टायटॅनियम कार्बनलाही धरतं. असा पत्रा खुशाल ठेवा. गाडीच्या दारांसाठी मात्र थोडा कार्बन मुद्दाम सुटा ठेवतात: रंगाच्या भट्टीत, सुमारे १७० अंशांला २० मिनिटांत, घडवलेलं दार कडक होतं.