इंकांच्या अवशेषांजवळ छोटा ट्रेक करायचाय? बुकिंगआधी एवढं वाचून घ्या

पेरू देशाच्या टूरची चौकशी करायला जे आमच्या ऑफिसला येतात किंवा व्हॉट्सॲप करतात त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच असतं, माचू पिचू (स्पॅनिश येण्याआधी पेरूवर राज्य करणाऱ्या इंकांचं डोंगरातलं जुनं शहर) तर बघायचंच आहे, पण तिथपर्यंत चालत नेणारा तो चार दिवसांचा इंका ट्रेल नको, एखादा छोटा ट्रेक बसतो का बघा. बसतो की, आरामात बसतो. फक्त तो कुठे करायचा आणि टूरच्या कितव्या दिवशी करायचा हे नीट ठरवावं लागतं, आणि आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी उंचीचं बोलू

लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानात बसलात की दीड तासाच्या आत इंकांच्या जुन्या राजधानीत, कुस्कोला, म्हणजे जवळजवळ ३,४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर तुम्ही एकही पायरी न चढता पोचलेले असता आणि शरीराला काही कळायच्या आत हॉटेलात चेक-इन चालू असतं. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, रात्री झोप न लागणं, याला तिकडे सोरोचे म्हणतात आणि तो कोणालाही होऊ शकतो. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. फिटनेस असला म्हणजे उंची लागणार नाही असं अजिबात नाही, उलट फिट माणसं पहिल्याच दिवशी भराभर चालायला जातात आणि संध्याकाळी आडवी होतात.

म्हणून आमचा प्लॅन नेहमीच्या पॅकेजच्या उलटा असतो. कुस्कोला उतरायचं पण राहायचं नाही, गाडीत बसून थेट खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जायचं ज्याला सगळे सेक्रेड व्हॅली म्हणतात, आणि ओयांतायतांबो गावात मुक्काम करायचा, ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री. मग ट्रेननं माचू पिचू, ते आणखी खाली, २,४३० मीटर (हो, माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो). कुस्को शहर शेवटी, तोपर्यंत अंगाला सवय झालेली असते. पहिल्या दिवशी कुठलाही ट्रेक नाही, कितीही आग्रह केलात तरी नाही.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच विचारा, आम्ही औषधं सांगत नाही. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळतो, तिकडे तो कायदेशीर आहे, पण त्याची पाकिटं आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं आणि अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथेही चालत नाही. तो नको असेल तर मुन्या नावाची पुदिन्यासारखी वनस्पती असते, तिचाही चहा छान लागतो.

आता ट्रेक कुठला

पहिला आणि आमचा लाडका म्हणजे पिंकुयुना. ओयांतायतांबो गावाच्या अगदी डोक्यावरचा डोंगर, वाट गावातल्या गल्लीतूनच सुरू होते, तिकीट नाही. वर कड्याला चिकटून इंकांची धान्याची कोठारं आहेत. इतक्या उंचावर कशाला बांधली तर तिथे सतत गार वारं असतं, धान्य टिकतं. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा. वाट उभी आहे, काही ठिकाणी बाजूला कठडा नाही, पाऊस पडला असेल तर जाऊ नका. वरून समोरच्या डोंगरावरचा ओयांतायतांबोचा मोठा गड पूर्ण दिसतो, त्या सहा प्रचंड गुलाबी शिळा दिसतात ज्या नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणल्या, तेही चाक न वापरता. आणि याच गडावर १५३६-३७ च्या सुमारास इंकांचा राजा मांको इंका यानं एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला मागे हटवलं, खालच्या मैदानात पाणी सोडलं आणि घोडे चिखलात अडकवले. शिवकाल वाचणाऱ्यांना तिथून हलवावं लागतं, हे आम्ही आधीच ड्रायव्हरला सांगून ठेवतो.

दुसरा पिसाक. इथे युक्ती एकच, चढायचं नाही, उतरायचं. गावातून टॅक्सी करून वरच्या गेटला जायचं आणि अवशेषांमधून चालत चालत खाली गावात यायचं. वाटेत शेतीच्या पायऱ्यांच्या रांगा, एक खडकातला छोटा बोगदा, सूर्याशी संबंधित इंतीवातानाचं बांधकाम, आणि समोरच्या कड्यात भोकंच भोकं दिसतात ती इंकांची थडगी, बहुतेक लुटली गेलेली. निवांत गेलात तर अडीच-तीन तास. टूर बसनं येणारे लोक वरच्या गेटजवळ अर्धा तास फिरून परत जातात त्यामुळे खालची वाट बऱ्यापैकी रिकामी मिळते. आई-बाबांना घेऊन जाणार असाल आणि त्यांना गुडघ्याचा त्रास असेल तर मात्र हा उतारच त्रास देतो, पायऱ्या उंच आहेत, अशा वेळी वरचा भाग बघून त्याच टॅक्सीनं खाली आलेलं बरं. पिसाक आणि ओयांतायतांबोचा गड दोन्ही कुस्कोच्या बोलेतो तुरिस्तिको या एकत्र तिकिटात येतात, ते आम्ही टूरमध्येच धरतो. माचू पिचू त्यात नाही, ते वेगळं.

तिसरा, म्हणजे सगळे ज्याचं नाव घेऊनच येतात तो, वायना पिचू. माचू पिचूच्या फोटोत मागे जो टोकदार सुळका दिसतो तोच. अवशेषांपासून चढ जेमतेम २६० मीटरचा, पण जवळजवळ सगळा उभ्या दगडी पायऱ्यांचा, काही जागी दोर धरून, आणि उतरताना खाली सरळ दरी दिसते. उंचीची भीती वाटत असेल तर नको. आमचं स्पष्ट मत, हा ट्रेक भारी आहे पण यासाठी अख्ख्या टूरच्या तारखा हलवणं काही गरजेचं नाही.

कारण तिकीट. रोजची संख्या ठरलेली असते आणि सीझनमध्ये वायना पिचूची तिकिटं कित्येक महिने आधी संपतात. शिवाय २०२४ पासून माचू पिचू तीन सर्किटमध्ये विभागलंय, तुम्ही ज्या सर्किटचं तिकीट काढाल तेवढाच भाग बघायला मिळतो, बाहेर पडलात की परत आत घेत नाहीत. वायना पिचू तिसऱ्या सर्किटमध्ये येतं, आणि तिसरं सर्किट खालच्या भागातून जातं, म्हणजे तो जगप्रसिद्ध वरून घेतलेला फोटो त्या तिकिटावर मिळत नाही! तो हवा असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या सर्किटचं वेगळं तिकीट काढावं लागतं. हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही आणि मग गेटवर वाद होतात. पहिल्या सर्किटला जोडून माचू पिचू माउंटनचा ट्रेक आहे, तो ३,००० मीटरच्या वर जातो, चढ साधारण ६५० मीटर, तीन-चार तास, दमवणारा पण वायना पिचूइतका भीतीदायक नाही. सूर्यद्वार म्हणजे इंती पुंकूपर्यंतची वाट सर्वात सोपी, तिकडे जायलाही वेगळा रूट लागतो आणि तो सीझनमध्येच उघडा असतो.

कधी जायचं

आपल्याकडे जून-जुलैत धो धो पाऊस तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा, म्हणजे मे ते सप्टेंबर बेस्ट. दिवसा ऊन कडक, रात्री कुस्कोत तापमान शून्याच्या जवळ. २४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा, म्हणजे सूर्याचा, उत्सव असतो, बघायला मजा पण हॉटेलचे भाव चढलेले आणि गर्दी तुफान, तो हवा की टाळायचा ते आधीच सांगा. जानेवारी-फेब्रुवारी शक्यतो नको, पाऊस जोरात असतो आणि फेब्रुवारीत इंका ट्रेल तर दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. अंधार वर्षभर साडेपाच-सहाला पडतो, त्यामुळे दुपारी तीननंतर कुठलाही चढ सुरू करायचा नाही.

कागदपत्रं

यलो फीव्हरची लस घ्यावीच लागेल. पेरूत शिरताना नाही, भारतात परत येताना एअरपोर्टवर सर्टिफिकेट मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. साठीच्या पुढच्या काका-काकूंनी लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. व्हिसाचं म्हणाल तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने बाकी असलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, नियम बदलत असतात म्हणून आम्ही तिकीट काढायच्या आधी पुन्हा तपासतो.

बॅगेत काय

माचू पिचूला छोटी सॅकच आत नेता येते, एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली चालत नाही, स्टीलची न्या. काठी न्यायची तर टोकाला रबर हवं. आत टॉयलेट नाही, गेटबाहेर आहे, त्यासाठी सोलची (पेरूचं चलन) नाणी जवळ ठेवा. मोठ्या सुटकेस ट्रेनमध्ये घेत नाहीत, त्या हॉटेलात ठेवायची सोय आम्ही करतो. टोपी, सनस्क्रीन, एक पातळ रेनकोट, आणि घासलेल्या तळव्याचे जुने बूट कृपया नकोत.

व्हेज मंडळींनो, उपाशी राहणार नाही. किन्वाचं सूप, शेकडो जातींचे बटाटे, मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि चीज सगळीकडे मिळतं. फक्त भाजीचं सूप म्हणून जे येतं ते चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, ऑर्डर देताना "सिन कार्ने, सिन पोयो" (मांस नको, चिकन नको) म्हणा. इथून पॅकबंद चिक्की, खाकरे न्या आणि कस्टम्सला विचारलं तर दाखवा.

बुकिंगसाठी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो पाठवा, नाव टाईप करून नको, कारण माचू पिचूच्या गेटवर तिकीट आणि पासपोर्ट ताडून बघतात आणि स्पेलिंग जुळलं नाही तर अडवू शकतात. सोबत हेही लिहा की गुडघे, बीपी, दमा यातलं काही आहे का, उंचीची भीती आहे का, आणि वायना पिचू नाही मिळालं तर पिसाक चालेल का.