कोंड्याला पाणी, कणकेला वेळ

इंदुरात चक्कीवर डबा ठेवला की दोन प्रश्न ठरलेले: 'गेहूँ कौन सा है?' आणि 'बारीक पीसूँ या मोटा?' पोळीसाठी आपण सवयीनं उत्तर देऊन मोकळे होतो. घरच्या ब्रेड मेकरमध्ये आख्ख्या गव्हाचा ब्रेड करायचा असेल, तर मात्र बरंचसं याच दोन उत्तरांवर ठरतं. माझे पहिले चार ब्रेड बसले तेव्हा मी यीस्टला दोष देत होते. यीस्ट उत्तम होतं.

माळव्यात दोन वेगळ्या जातींचा गहू पिकतो. सिहोरकडचा शरबती आणि घरोघरी येणारा लोकवन एका जातीचे. दुसरा कठिया, म्हणजे ड्युरम. त्याचा दाणा टणक, काचेसारखा, पिवळसर आणि प्रथिनांनी भरलेला. आपल्या दाल-बाफल्यांना आणि लाडवांना तो हवाच. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर केंद्रातून कठियाचे नावाजलेले वाण निघाले आहेत, 'पुसा तेजस' त्यातलाच. प्रथिनं इतकी, तर ब्रेडही छान फुगायला हवा. तो फुगत नाही, आणि याचं कारण काही हजार वर्षं जुनं आहे.

कठियात २८ गुणसूत्रं असतात, शरबती-लोकवनच्या जातीत ४२. जास्तीची १४ आली एका रानगवताकडून. शेतातल्या जुन्या गव्हाचा त्या गवताशी आपसूक संकर झाला, आणि ताणलं तरी न तुटणाऱ्या प्रथिनांची जनुकं गव्हात आली. ब्रेडला लागतो तो चिवटपणा मुख्यतः या जनुकांचा.

हे हाताला कळतं. लिंबाएवढे दोन गोळे घ्या, एक लोकवनच्या कणकेचा, एक कठियाच्या. अर्धा तास ठेवा, मग वाटीभर पाण्यात हलक्या हातानं चुरत धुवा. दुधासारखं पांढरं पाणी निघतं, तो स्टार्च. पाणी बदलत राहा. शेवटी बोटांत उरतो राखाडी, रबरासारखा चिकटा, म्हणजेच ग्लुटेन. लोकवनचा चिकटा मी हळूहळू ताणला तर पातळ पडद्यासारखा झाला, पलीकडची खिडकी धूसर दिसेपर्यंत. कठियाचा बोटभर ताणला आणि तुटला. यीस्ट सोडतं तो कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचं काम याच पडद्याचं. पडदा फाटला की वायू निसटतो आणि ब्रेड बसतो.

पण शरबती वापरूनही ब्रेड बसतो. मैद्याचा फुगतो, कणकेचा नाही, असं का? मैदा म्हणजे दाण्याचा आतला पांढरा गर फक्त. कणकेत कोंडा आणि अंकुरही असतात. दाण्याच्या वजनात कोंडा साधारण १४-१५ टक्के, अंकुर दोन-तीन टक्के. कोंड्याचे कोरडे, टोकदार कण पडद्याला भोकं पाडतात. अंकुरात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते ग्लुटेनचे सांधे सैल करतं. शिवाय कोंडा तहानलेला असतो, आणि पाणी पितो तो सावकाश. मळताना सैल वाटलेली कणीक तासाभरात घट्ट होते ती त्यामुळेच.

त्यात आपली दगडी चक्की. जात्याच्या दाबानं आणि उष्णतेनं स्टार्चचे कण तडकतात, आणि तडकलेला कण अख्ख्या कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. पोळी मऊ राहते ती याच गुणामुळे. म्हणून मैद्याच्या ब्रेडचं पाण्याचं माप आपल्या कणकेला पुरत नाही. मी ४०० ग्रॅम कणकेला ३१० मिलिलिटर पाणी घालते. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा स्पष्टच सैल, हाताला चिकटणारा दिसतो. तो तसाच हवा. पीठ घालून घट्ट करायचा मोह टाळा.

रामबागेत राहणारी माझी आत्या माझी घाई बघून एवढंच म्हणाली, "अगं, कणीक मुरू तरी दे!" पोळ्यांची कणीक आपण झाकून ठेवतोच की. फ्रान्समधले ब्रेडचे जाणकार रेमों काल्व्हेल यांनी १९७०च्या दशकात नेमकी हीच कृती बेकरीत रुजवली: आधी फक्त पीठ आणि पाणी, मग विश्रांती. या वेळात कोंडा भिजून मऊ पडतो, त्याची टोकं बोथट होतात आणि ग्लुटेनचे धागे न मळताही जुळू लागतात. पुष्कळ मशीनांच्या आख्ख्या गव्हाच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला पातं बराच वेळ हलत नाही, ते यासाठीच. तुमच्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर कणीक आणि पाणी पाच मिनिटं फिरवून मशीन बंद करा, ४० मिनिटं झाकून ठेवा, मग ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ, चमचाभर गूळ आणि तेल घालून प्रोग्रॅम सुरू करा. माझ्या मते बाहेरून ग्लुटेनची पूड आणून घालण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सरस.

हे मशीन जन्मालाच मुळी मळण्याच्या प्रश्नातून आलं. १९८०च्या दशकात ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचं यंत्र कणीक नीट मळत नव्हतं. तेव्हा तिथल्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या नामांकित बेकरकडे शिकायला गेल्या. तो मळताना कणीक नुसती ताणत नाही, ताणता ताणता पिळतो, हे त्यांनी हेरलं. अभियंत्यांनी मग भांड्याच्या आतल्या बाजूला उभे कंगोरे दिले. गोळा तिथे अडतो आणि पातं त्याला पिळत ताणतं. १९८७मध्ये ते यंत्र बाजारात आलं.

त्या यंत्राला आपला मे महिना ठाऊक नाही. यीस्टची कणीक २६-२७ अंशांवर खुशीत असते. इंदूरचा पारा चाळिशीपार असताना नळाचंच पाणी कोमट येतं, मळताना घर्षणाची भर पडते, आणि घड्याळ मात्र ठरलेल्या वेळेनंच चालतं. कणीक वेळेआधी फुगून भाजणी सुरू होण्याआधीच खचते. वरचा भाग मधे खोलगट झाला तर हेच झालंय असं समजा. मी उन्हाळ्यात फ्रीजमधलं पाणी घेते आणि यीस्ट चिमूटभर कमी करते. थंडीत उलट, कोमट पाणी.

आख्ख्या गव्हासाठी इतका खटाटोप का, तर कोंड्यातल्या लोह आणि जस्तासाठीसुद्धा. ही खनिजं फायटिक आम्लाशी बांधलेली असतात, पोटात सहज सुटत नाहीत. कणीक आंबताना गव्हातलंच फायटेज हे एन्झाइम ती बांधणी तोडत जातं. लांबलेला प्रोग्रॅम म्हणूनही फायद्याचा.

भाजताना ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, पुढे स्टार्च पाणी पिऊन फुगतो, ग्लुटेन घट्ट होतं आणि आकार कायमचा ठरतो. आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास गेलं की ब्रेड झाला. बाहेर काढून जाळीवर ठेवा, तासभर तरी सुरी लावू नका. गरम असताना आतला स्टार्च अजून चिकट असतो, सुरीला लगदा लागतो. उरलेला फ्रीजमध्येही नको. फ्रीजच्या थंडाव्यात स्टार्च पुन्हा लवकर कडक होतो. मे महिन्यात बाहेर बुरशी धरते, तेव्हा काप करून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसा तव्यावर शेका.