लिंबूटिंबू नको, भिडू हवा

पकडापकडीच्या खेळात एक जण असा असतो, की त्याला कुणी मनापासून पकडत नाही आणि पकडलंच तरी त्याच्यावर राज्य येत नाही. तो लिंबूटिंबू. सगळ्यांबरोबर धावतो, हसतो, दमतो. पण तो नसता तरी खेळ तसाच चालला असता. धाकटी भावंडं वर्ष-दोन वर्षांत या पदावरून बढती मिळवतात आणि हक्कानं राज्य घेतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचं लिंबूटिंबूपण मात्र पुष्कळदा संपतच नाही. शाळेत त्याला सगळे ओळखतात, येता-जाता टाळी देतात, त्याचं दप्तर उचलतात. सुट्टीत घरी खेळायला कुणी बोलवत नाही.

‘त्याला समजत नाही ना, म्हणून’ हे त्यावरचं तयार उत्तर. ते बरंचसं चुकीचं आहे.

आपल्या पेशींत साधारणपणे 46 गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा 21 व्या गुणसूत्राची एक जादा, तिसरी प्रत असते. जॉन लँग्डन डाउन या डॉक्टरांनी 1866 मध्ये लक्षणांचं वर्णन केलं. कारण जगासमोर यायला 1959 उजाडलं. (जागतिक डाउन सिंड्रोम दिवस 21 मार्चला असतो, तोही याच हिशेबानं : 21 व्या गुणसूत्राच्या 3 प्रती.) या जादा प्रतीचा परिणाम मैत्रीपर्यंत पोचतो तो बुद्धीच्या वाटेनं, असं आपण धरून चालतो. कानाची वाट आपल्या लक्षातच येत नाही.

या मुलांच्या कानाचा मार्ग अरुंद असतो, मधल्या कानात चिकट द्रव वारंवार साठतो. निम्म्याहून अधिक मुलांना कमी ऐकू येतं, आणि तेही आज बरं, पुढच्या आठवड्यात वाईट असं. अनेकांना जवळचं स्पष्ट दिसत नाही. तोंडाचे स्नायू सैल असल्यानं उच्चार अस्पष्ट होतात. समजतं त्यापेक्षा बोलून दाखवता येतं ते कितीतरी कमी. शिवाय नुकतंच ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं त्यांना अवघड जातं. पाहिलेलं त्या मानानं चांगलं लक्षात राहतं.

आता हे सगळं मैदानावर आणून पाहा. कुणीतरी लांबून, एका दमात नवा नियम ओरडून सांगतो. अर्धा ऐकू येतो, ऐकू आलेल्यातला अर्धा निसटतो. पुढच्या मिनिटाला हा मुलगा नियम मोडतो आणि बाकीचे म्हणतात, ‘त्याला खेळता येत नाही.’ गप्पांचंही तेच. प्रश्न समजून उत्तर जुळवायला त्याला कधी पाच, कधी दहा सेकंद लागतात. तेवढ्यात इतर मुलांचे दोन विषय बदलून झालेले असतात.

‘ही मुलं फार प्रेमळ, सदा आनंदी’ हा समज वरवर कौतुकाचा, पण नडतो तोच जास्त. त्यात तथ्याचा अंश आहे : माणसांची, चेहऱ्यांची ओढ त्यांना लहानपणापासून असते. पण ओढ असणं वेगळं आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं. चेहऱ्यावरचे काही भाव, विशेषतः भीती, ओळखायला त्यांना जड जातं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. एडिंबरामधल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर विशार्ट यांनी आणखी एक गोष्ट टिपली. काम कठीण वाटलं, की ही मुलं गोड हसून, टाळ्या वाजवून, काहीतरी गंमत करून ते टाळतात; आणि पुष्कळदा ते काम त्यांच्या आवाक्यातलंच असतं. मोठी माणसं विरघळतात. समवयस्क मुलं विरघळत नाहीत, ती कंटाळून निघून जातात. सहाव्या वर्षी कुणालाही मारलेल्या मिठीचं कौतुक होतं, बाराव्या वर्षी तीच मिठी अंगावर येते. तेव्हा मिठी कुणाला आणि टाळी कुणाला, हे लहानपणीच शिकवलेलं बरं. त्याच्या सुरक्षिततेसाठीही.

सर्वसामान्य शाळेत घातलं की मैत्री आपोआप होते, ही आशाही तपासून पाहण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या स्यू बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसामान्य आणि विशेष शाळांत जाणाऱ्या, डाउन सिंड्रोम असलेल्या किशोरांची तुलना केली. बोलणं आणि लिहिणं-वाचणं यांत सर्वसामान्य शाळेतली मुलं स्पष्ट पुढे होती. पण जिवाभावाचा मित्र असणं किंवा मुलांच्या एखाद्या मंडळात जाणं, हे त्यांच्यात कमी आढळलं. म्हणून त्यांना तिथून काढायचं का? मला तसं वाटत नाही. भाषा हातात आली नाही तर पुढची दोस्तीही अडते. मात्र वर्गातली जागा आणि मित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेगळा खटाटोप करावा लागतो.

अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, 12 वर्षांवरच्या डाउन सिंड्रोम असलेल्या 284 जणांपैकी 86 टक्क्यांनी सांगितलं, की आम्हाला सहज मित्र जोडता येतात. संस्थांशी जोडलेली, प्रश्नांची उत्तरं देऊ शकणारी ही मंडळी होती, हे लक्षात घेऊनही आकडा बोलका आहे. आणि ज्यांना मित्र जोडणं जमत नव्हतं, त्यांतले बहुतेक एकाकी परिस्थितीत राहत होते.

खटाटोप म्हणजे काय, तर मोठा समारंभ नव्हे. वाढदिवसाला वीस मुलं बोलावली, की गोंगाटात हेच मूल कोपऱ्यात जातं. त्यापेक्षा एकच मूल, दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, तासाभरासाठी. आणि नुसत्या गप्पा नकोत, हाताला काम हवं : ठोकळे, चित्रं, चेंडू, पोहणं, नाच. बोलणं मागे पडलं तरी अशा कामात दोघं बरोबरीनं राहतात. नवा खेळ असेल तर तो आधी घरच्यांबरोबर, चित्रांच्या आधारानं किंवा करून दाखवून सरावाचा करावा, म्हणजे पाहुण्यासमोर हा शिकाऊ ठरत नाही. कधी तर यालाच पाहुण्याला शिकवता येतं. सुट्टीतले फोटो चिकटवलेली छोटी वही जवळ असली, की ‘काय केलंस?’ या प्रश्नाला जीभ अडली तरी बोट दाखवता येतं.

खेळांच्या बाबतीत एक खबरदारी. काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, तेव्हा कोलांट्या किंवा ट्रॅम्पोलिनआधी डॉक्टरांना विचारावं. मूल सारखं चिडत, पेंगत असेल तर झोपही तपासून घ्यावी. झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास या मुलांत पुष्कळ आढळतो आणि दमलेल्या मुलाचे मित्र टिकत नाहीत. 1968 मध्ये सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या ‘युनिफाइड’ प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. तिथं लिंबूटिंबू कुणी नसतो, सगळे भिडू.

दहा-अकराव्या वर्षानंतर इतरांच्या आवडी भराभर बदलतात आणि दरी रुंदावते. मग डाउन सिंड्रोम असलेलाच दुसरा मित्र मिळाला तर काही पालकांना ते माघार घेतल्यासारखं वाटतं. का वाटावं? आपल्याच चालीनं चालणारा सोबती कुणाला नको असतो? याच वयात मूल एकटंच स्वतःशी बोलताना दिसतं. बहुतेक वेळा दिवसभरात घडलेलं ते मोठ्यानं घोळवत असतं. एकदम घाबरू नये. बोलण्याचा सूर भीतीचा झाला किंवा मूल माणसांपासून तुटू लागलं, तर मात्र दाखवून घ्यावं.

आता राहिलं भांडण. दोघांची जुंपली, की मोठ्यांचं ठरलेलं वाक्य येतं : ‘दे ना त्याला, तो वेगळा आहे.’ पाहुणं मूल खेळणं देऊन टाकतं आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. ‘माझी पाळी’, ‘थांब’, ‘मला नाही आवडलं’ एवढे शब्द किंवा त्यांच्या खुणा आधीच शिकवलेल्या असतील, तर कुणाला लागत नाही तोवर आपण शेजारच्या खोलीत बसावं. कट्टी होईल. बट्टी कधी करायची, ते त्या दोघांचं दोघं बघतील.