पिंपळ झोपतो तेव्हा

जानेवारी सरत आला की ओसरीतल्या थाळीतला माझा बोन्साय पिंपळ पिवळा पडू लागतो. विहिरीच्या बांधकामात उगवलेलं रोप काढून आणलं होतं. आज हातभर उंच आहे, बुंधा मात्र मनगटाएवढा. आठ-दहा दिवसांत ते पार उघडं होतं आणि येणारा-जाणारा विचारतो, "वाळलं का हो?"

वाळलेलं नसतं. फांदीची साल नखानं हलकेच खरवडली की खाली ओला हिरवा पापुद्रा दिसतो. पान टाकण्याआधी झाडानं त्यातला बराचसा नत्र फांद्यांत, मुळांत ओढून घेतलेला असतो. पानाकडून देठात उतरणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक कमी होतं, मग इथिलीनचा जोर चालतो. केळी पिकवणारा वायू तोच. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो आणि पान सुटतं.

बोन्सायची बरीच पुस्तकं जपानच्या हिवाळ्याची. तिथल्या मेपलला झोप लागते ती थंडीनं, आणि नीट जागं व्हायला सात अंशांखालचे शेकडो तास लागतात. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली? नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण अशा रात्री मोजक्याच. म्हणून मेपलच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला पळस, साग, सावर पानं टाकतात ती मुख्यतः कोरड पडते म्हणून.

वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्याला हे सांगायला नको. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, तो बागेचं ओलीत तोडून ताण देतो. पण बागेतल्या झाडाची मुळं खोल जमिनीत असतात, थाळीत माती ओंजळभर. तिथे पुरता ताण दिला तर बारीक मुळं वाळून जातात.

उलट चूकही तेवढीच घातक. एका उंबराची पानं गळाली तेव्हा घाबरून मी दोन्ही वेळा पाणी घालत राहिलो. पानं नसलेलं झाड पाणी फारसं उडवत नाही. माती चिखल झाली, मुळांना हवा मिळेना. थाळी उलटली तेव्हा मुळं काळी पडून कुजक्या वासानं भरली होती. तो उंबर गेल्याचं दुःख अजून आहे.

आता मी थाळी उचलून बघतो. हलकी लागली आणि वरची माती बोटाला कोरडी लागली, तरच पाणी, तेही सकाळी. युरिया पूर्ण बंद, कारण त्यानं फुटलेला कोवळा कोंब थंडीत करपतो. थाळीतली माती हवेबरोबर झटकन गार होते, म्हणून गारठ्याच्या रात्री थाळी छपराखाली जमिनीवर ठेवतो आणि भोवती सोयाबीनचं कुटार पसरतो. उघड्या आभाळाखाली झाड आपली उष्णता सोडत राहतं; छपराखाली ती इतकी जात नाही.

फांदीच्या टोकाला आवरणात गुंडाळलेला टोकदार कोंब असतो. तो फुगू लागला की मुळं छाटून माती बदलायची. मग आवरण गळतं आणि आतून तांबूस, मऊ, लकाकतं पान उलगडतं.