वासाचा जीन आणि वाकडी मान

मध्यंतरी एका एसटी स्टँडवर एका पोराला फिट आली. लगेच गर्दी, एकाने चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, दुसरा वडापावच्या गाडीवरून फोडलेला कांदा घेऊन आला, आणि दोनेक मिनिटांत पोरगं शांत झाल्यावर सगळं क्रेडिट कांद्याला. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते हो, कांदा असो नसो. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना. मी घरी येऊन हे सांगितलं तर आमचे एक काका म्हणाले, अरे पण वासाचा आणि हालचालीचा जीन एकच असतो असं विज्ञानच म्हणतं ना! आता पंचाईत अशी की असा एक जीन खरंच आहे, आणि तो माझा भयंकर लाडका आहे.

त्याचं नाव जीएनएएल, आपल्या 18 नंबरच्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर बसलेला. त्याच्यावरून जे प्रोटीन बनतं त्याला जी-ओल्फ म्हणतात, ओल्फ म्हणजे वासासंबंधी. 1989 साली जोन्स आणि रीड या अमेरिकन संशोधकांना ते उंदराच्या नाकात सापडलं म्हणून हे नाव पडलं, आणि तेच चिकटलं.

नाकात ते काय करतं ते बघा, मजा आहे. नाकपुडीत वर छताजवळ वास ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या टोकाला बारीक केसांसारखे धागे, आणि त्या धाग्यांवर रिसेप्टर, म्हणजे वासाचा रेणू पकडणारी प्रोटीनं. माणसात या रिसेप्टरचे साधारण 400 प्रकार, एका पेशीवर सहसा एकच प्रकार (हे रिसेप्टर 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी शोधले, 2004 चं नोबेल त्यालाच). पण मोगरा असो की सुका बोंबील, रिसेप्टर वेगळा असला तरी आतली बेल एकच, जी-ओल्फ. म्हणजे दरवाजे चारशे आणि बेल एक.

ही बेल वाजते कशी? जी-ओल्फ निवांत असताना त्याच्या हातात जीडीपी नावाचा रेणू असतो (अर्थमंत्र्यांचा नाही, हा वेगळा). वासाचा रेणू रिसेप्टरला चिकटला की रिसेप्टर किंचित वाकतो, जी-ओल्फच्या हातातून जीडीपी सुटतो आणि जीटीपी येऊन बसतो, एका फॉस्फेटचा फरक फक्त, पण तेवढ्याने गडी आपल्या दोन जोडीदारांना सोडून सुटतो आणि जाऊन अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमला जागं करतो. ते एटीपी नावाच्या रेणूपासून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवायला लागतं, तो पेशीच्या पडद्यातल्या चॅनेलना, म्हणजे बारीक वाटांना, उघडतो, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, आणि आता ऐका, आत आलेलं कॅल्शियम आणखी एक चॅनेल उघडतं ज्यातून क्लोराइड *बाहेर* जातं. मेंदूतल्या बहुतेक पेशींत क्लोराइड आत येऊन पेशीला गप्प करतं, पण या पेशीने आधीच क्लोराइडचा साठा भरून ठेवलेला असतो, त्यामुळे ते निघून गेलं की ऋण प्रभार कमी होतो आणि सिग्नल उलट मोठा होतो. दारात कुजबुज झाली तर माजघरात लाउडस्पीकर!

आणि बेल बंद कोण करतं? जी-ओल्फ स्वतःच. हातातल्या जीटीपीचा एक फॉस्फेट तो स्वतः तोडतो, परत जीडीपी, परत निवांत. हे बंद होणं किती महत्त्वाचं ते कॉलऱ्यात कळतं. जी-ओल्फचा सख्खा भाऊ जी-एस, दोघांची अमिनो आम्लं 88 टक्के सारखी, आणि कॉलऱ्याचं विष (1959 मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलेलं) आतड्यातल्या जी-एसचं हे बंद व्हायचं बटणच मोडतं. बेल वाजतच राहते आणि पाणी वाहतच राहतं.

आता मेंदू. आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे, कुठली हालचाल होऊ द्यायची आणि कुठली दाबायची ते ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. तिथल्या पेशींवर मेंदूतल्या दोन निरोप्या रेणूंचे रिसेप्टर असतात, डोपामिनचे डी-वन आणि अ‍ॅडेनोसिनचे ए-टू-ए (दुसरा तोच, ज्याला चहा-कॉफीतलं कॅफिन अडवतं). इतर ठिकाणी अशा रिसेप्टरची बेल वाजवायचं काम भाऊ जी-एस करतो, पण स्ट्रायटममध्ये तो फार कमी, तिथे मुख्यतः आपला नाकवाला जी-ओल्फच ड्युटीवर. 1998 मध्ये हा जीन काढून टाकलेले उंदीर बनवले तर त्यांना वास येईना, बहुतेक पिल्लं आईचं दूध पिऊ न शकल्याने मेली, आणि जी थोडी जगली ती स्वस्थ बसेनात, सारखी पळापळ.

माणसातला दुवा 2013 साली पुढे आला. काही कुटुंबांत डिस्टोनिया नावाचा आजार होता, स्नायू आपल्या मनाविरुद्ध आवळतात आणि मान एका बाजूला पिळली जाते, आणि त्यांच्यात जीएनएएलची एक प्रत बिघडलेली सापडली. दुसरी प्रत चांगली असूनही स्ट्रायटमला तेवढं पुरत नाही. बहुतेकांना मोठेपणी, सहसा मानेपासूनच त्रास सुरू होतो.

काकांचा मुद्दा राहिला. एकाच कंपनीची मोटर मिक्सरमध्ये आणि पाण्याच्या पंपात असली म्हणून मिक्सर फिरवल्यावर टाकीत पाणी चढत नाही. नाकातल्या जी-ओल्फने बनवलेलं सायक्लिक एएमपी नाकातल्या पेशीतच राहतं, स्ट्रायटमचा जी-ओल्फ वेगळा बसलाय, त्याला तुमच्या चपलेचा पत्ताही नाही. शिवाय फिट आणि डिस्टोनिया हे आजारच वेगळे. आणि कांदा नाकाडोळ्यांना झोंबतो ना, तो वास नव्हेच, ते चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेचं काम, ज्यांना वास येत नाही त्यांनाही मिरचीच्या फोडणीने ठसका लागतोच.

डिस्टोनियावाल्यांना मात्र लोक बाहेरची बाधा म्हणून अंगारे लावत बसतात. खरा इलाज म्हणजे आवळलेल्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन, साधारण दर तीन महिन्यांनी, आणि फारच त्रास असेल तर मेंदूत बारीक इलेक्ट्रोड. यात एक विचित्र गोष्ट म्हणजे बऱ्याच जणांची वाकडी मान हनुवटीला नुसतं बोट लावलं की थोडा वेळ सरळ होते, जोर लावावाच लागत नाही, आणि ते बघून घरचे म्हणतात, बघा, नाटक करतोय.