आयसरमध्ये जीवशास्त्र शिकायचंय? आयएटीचा अर्ज, पात्रता आणि दाखल्यांचा घोळ

बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी देशात सात आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर. पुण्याचं आयसर 2006 पासून सुरू आहे, पाषाणला. इथली मुख्य पदवी पाच वर्षांची बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र). सातही ठिकाणी जायला एकच अर्ज, एकच परीक्षा: आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे आयएटी. पूर्वी जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या आणि केव्हीपीवाय या विज्ञान शिष्यवृत्तीच्या वाटेनेही प्रवेश होत असे, आता तसं नाही. नीटचे किंवा एमएचटी-सीईटीचे गुण इथे चालत नाहीत.

बीएस-एमएससाठी अर्ज भरताना ‘जीवशास्त्र’ हा पर्याय शोधत बसू नका. प्रवेश विज्ञानाला मिळतो, विषयाकडे वळणं पुढच्या वर्षांत होतं. पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र सगळ्यांनाच असतं. ‘गणित नको म्हणून बायो घेतलं’ अशा मुलांनी हे आधीच समजून घ्यावं.

पात्रता अशी: बारावी विज्ञान, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र या चारपैकी किमान तीन विषय. बारावीला एकूण 60 टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी 55 टक्के. म्हणजे पीसीबीवाल्यांनाही (भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांनाही) दार उघडं आहे. पण याच परीक्षेवर बंगळुरूच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) चार वर्षांच्या बीएसलाही प्रवेश होतो, आणि तिथे बारावीला गणित लागतंच. त्यासाठी आयआयएससीचा वेगळा अर्जही भरावा लागतो.

परीक्षा संगणकावर, तीन तास, 60 प्रश्न: चारही विषयांचे प्रत्येकी 15. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा, सोडलं तर शून्य. एकूण 240. सगळे विषय सगळ्यांना, निवड नाही. त्यामुळे बारावीला गणित न घेतलेल्या मुलाने तो भाग सोडला तर त्याची कमाल मजल 180 गुणांची. त्याने दहा-बारा सोपे प्रकार (संच, फलन, संभाव्यता, साधं विकलन) तयार केले तरी बराच फरक पडतो. अंदाजाचा हिशेबही करून ठेवा: चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तर सरासरी पाव गुण पदरात पडतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. पण दोन पर्याय खात्रीने चुकीचे ठरवता आले, तर तीच सरासरी दीड गुण होते. तिथे उत्तर द्यावं. अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकात धड्यांचा क्रम आणि खोली वेगळी आहे, म्हणून एनसीईआरटीचं जीवशास्त्र एकदा तरी अथपासून इतिपर्यंत वाचायला हवं. प्रश्नपत्रिका मराठीत नसते.

अर्ज मार्चच्या सुमारास सुरू होतात, 2025 ची परीक्षा 25 मेला झाली. बोर्डाच्या परीक्षेच्या धांदलीत मुदत निसटते, तेव्हा फेब्रुवारीतच फोटो, सही आणि दाखल्यांच्या स्कॅन प्रती तयार ठेवा. अर्जाचं शुल्क 2025 मध्ये 2,000 रुपये होतं, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना 1,000. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. हा फरक पडताळणीत अडतो. आधार आधी दुरुस्त करून घेतलेलं बरं.

महाराष्ट्रातली मुलं खरी अडकतात ती प्रवर्गात. आयसर केंद्राची संस्था आहे, त्यामुळे राज्याचे प्रवर्ग जसेच्या तसे चालत नाहीत. एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमाती), विजा (विमुक्त जाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे रकाने तिथे नाहीत. यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत (धनगर, वंजारी वगैरे), म्हणून आधी केंद्राच्या यादीत आपली जात आणि तिचा नेमका उल्लेख शोधा, मग केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र काढा. राज्याचं तीन वर्षं चालणारं नॉन-क्रीमीलेअर घरात असतं आणि तेच अपलोड होतं. नाकारलं जाण्याचं हे नेहमीचं कारण. केंद्रासाठी साधारणपणे चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं प्रमाणपत्र मागतात. नेमकी अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. सेतू केंद्रावर अर्ज देताना ‘केंद्राचा नमुना हवा’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच निघतो.

एसईबीसी (मराठा समाजासाठीचा राज्याचा प्रवर्ग) केंद्रात नाही, ते प्रमाणपत्र इथे उपयोगी नाही. ईडब्ल्यूएसलाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) केंद्राचाच नमुना लागतो, आणि त्यात कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत एवढंच पुरत नाही: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, अथवा 1,000 चौरस फुटांचं किंवा त्याहून मोठं घर असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही. कोरडवाहू सहा एकरवाले कित्येक जण इथे अडतात. नियमाला जमिनीच्या कसाचं काही घेणं नाही.

गुणवत्ता यादीत नाव आल्यावर पसंतीक्रम भरायचा. सातही आयसर पसंतीच्या क्रमाने टाका. फक्त पुणे लिहून थांबणाऱ्यांच्या हातून इतर ठिकाणची जागा उगीच जाते. जागा मिळाली की दिलेल्या तारखेच्या आत शुल्क भरून ती स्वीकारावी लागते. वरच्या पसंतीची वाट पाहायची असली तरी आधी हातातली जागा धरावी लागते, मुदत चुकली की ती जाते.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवर्गाचा दाखला, ओळखपत्र हे ओघाने आलंच. प्रत्यक्ष रुजू होताना शाळा सोडल्याचा दाखला आणि बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. सावधगिरी म्हणून आधी गावातल्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला असेल, तर मूळ दाखला तिथे जमा असतो. तो प्रवेश रद्द केल्याशिवाय परत मिळत नाही, आणि त्यात आठवडा सहज जातो. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी आपल्या विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो.

पीसीबीवाल्यांसाठी एक जोड सुचवतो: नेस्ट. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिन्याला असलेलं सीईबीएस, मूलभूत विज्ञानाच्या या दोन्ही संस्थांसाठी ही वेगळी परीक्षा आहे. तिच्यात चारपैकी सर्वोत्तम तीन विषयांचे गुण धरतात, त्यामुळे गणित सोडूनही स्पर्धेत राहता येतं. अर्ज मात्र स्वतंत्र भरावा लागतो.