पश्चात्ताप: रडणे की वळणे?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावताना कॅथलिक धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ हे जुने. ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’ हे १९७० च्या सुधारित मिस्सापुस्तकाने (उपासनेच्या पुस्तकाने) पर्याय म्हणून दिले. ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चबाहेर त्या दिवशी राख लावलेली माणसे कामाला निघालेली दिसतात. एक वाक्य मरणाचे, दुसरे पापाचे. शोक आणि पश्चात्ताप यांची सरमिसळ इथूनच होते.

खरी गुंतागुंत शब्दाची आहे. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. शुभवर्तमानातला ग्रीक शब्द ‘मेटानोईया’. त्यात ताप नाही, मन पालटणे आहे. त्यामागच्या हिब्रू शब्दाचा अर्थ तर माघारी फिरणे, वाट चुकलेला घराकडे वळतो तसे. लॅटिन बायबलने मात्र ‘पेनितेन्शिया’ हा शब्द घेतला आणि त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा रुजला. १२१५ च्या धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, सक्तीचे केले. १५१६ मध्ये नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून आला, तेव्हा या लॅटिन शब्दावर बोट ठेवले गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत मार्टिन ल्यूथरने चर्चच्या सुधारणेसाठी जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच सांगतो की श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप असावे. कॅथलिक बाजूने १५५१ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, उत्तर आले. पश्चात्ताप म्हणजे पापाबद्दल मनाला दुःख, पापाचा तिटकारा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. माझ्या मते हे उत्तर वाटते तितके दूरचे नाही, कारण त्यातला निश्चय म्हणजे वळणेच.

साष्टीत, म्हणजे ठाणे-मुंबईच्या बेटावर, पोर्तुगीज अंमल १७३७ पर्यंत होता. पापनिवेदनाची रीत इथे त्या काळात रुजली. मराठी नवा करार मात्र १८११ मध्ये दूर बंगालात, श्रीरामपूरला छापला गेला. अभंगांतला ‘अनुताप’ भाषेत होताच, तरी ख्रिस्ती वापरात ‘पश्चात्ताप’ टिकला. प्रायश्चित्तापेक्षा तो बरा, पण त्यात डोळ्यांतले पाणी येते आणि पावलांचे वळण राहून जाते.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन दुःखे वेगळी केली आहेत: देवाच्या इच्छेनुसार झालेले दुःख तारणाकडे नेते, जगाचे दुःख मरणाकडे. येशूला धरून देणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र, दोघेही हळहळले. यहूदासाठी मत्तयाने मेटानोईया वापरलेलाच नाही, नुसत्या पस्तावण्याचे वेगळे क्रियापद घातले आहे. पेत्र मोठ्या दुःखाने रडला आणि परत आला.

मरणाचा शोक याहून वेगळा, हे मला ठासून सांगावेसे वाटते. घरात कोणी गेले की ‘तुमच्या पापामुळे’ असे ऐकवणारे प्रार्थनासभांत भेटतात. लाजरच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. तिथे त्याने लाजरच्या बहिणींना, मार्थेला किंवा मरियेला, पश्चात्ताप करा, असे सांगितलेले नाही.